‘बाहेरचा’ नेमका कोण? ओळख असली की शेजारी, नसली की संशय

नागपूर : थंडी पडायला लागली की नागपुरात तिबेटी स्वेटरची दुकानं लागतात. आजूबाजूच्या तालुक्यांतली माणसंही तिथं भावताव करून मुलांसाठी स्वेटर घेतात. विकणारे बहुतेक निर्वासितांच्या घरातले आहेत, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. पण त्याच गिऱ्हाईकाच्या मोबाईलवर रात्री ‘गावात बाहेरची माणसं फिरत आहेत, सावध राहा’ असा मेसेज पडला, की तो खरा-खोटा न पाहता पाच ग्रुपवर पुढं जातो.

माणूस एकच, वागणं दोन. मग परक्याबद्दलचं मत ठरतं तरी कशावरून? याचं उत्तर शोधायला विदर्भाबाहेर जायची गरज नाही.

वाटणी आली की सूर बदलतो

गोंदिया जिल्ह्यातला अर्जुनी मोरगाव तालुका पाहा. गोठणगावजवळ १९७२ मध्ये तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत बसली. दलाई लामा १९५९ मध्ये भारतात आले, त्यांच्या मागोमाग आलेल्या लोकांतली ही कुटुंबं. याच तालुक्यात अरुणनगरसारखी बंगाली गावंही आहेत. गडचिरोलीच्या चामोर्शी, मुलचेरा भागात तर पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, आलेल्या हिंदू कुटुंबांना सरकारनं १९६० च्या दशकात जमिनी देऊन वसवलं. तेव्हा हा सगळा भाग चांदा जिल्ह्यात होता.

दोघंही निर्वासित, पण दोघांकडं पाहायची नजर सारखी नाही. तिबेटी वसाहत लहान. बहुतेकांनी भारताचं नागरिकत्व घेतलेलं नाही, त्यामुळं मतदान, आरक्षण, राखीव जागा यात त्यांचा वाटा येत नाही. बंगाली कुटुंबं नागरिक आहेत, मतदार आहेत. नमःशूद्र समाज पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत मोडतो, महाराष्ट्रात नाही. ती सवलत इथंही मिळावी ही त्यांची जुनी मागणी. मिळालेल्या जमिनीवर पूर्ण मालकी हवी, ही दुसरी. आजूबाजूला आदिवासी गावं, त्यांचेही वनहक्काचे दावे. जमीन आणि सवलतीची गोष्ट निघाली की ‘हे तर बाहेरचे’ हा शब्द तोंडात येतो. इथं राग माणसावर कमी आणि वाटणीवर जास्त असतो. सरकारनं दोघांचे प्रश्न वेळेत सोडवले, तर तो शब्दही मागं पडतो.

कागद आणि धर्म

नागपुरातला जरीपटका फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवला. आज त्यांना कुणी निर्वासित म्हणत नाही. ते शहराचे व्यापारी. पण पाकिस्तानातून सिंधी हिंदू त्यानंतरही येत राहिले आणि वर्षानुवर्षं व्हिसावर राहिले. अशांना नागरिकत्व देण्याचे अधिकार केंद्रानं २०१६ मध्ये काही जिल्हाधिकाऱ्यांना दिले, त्यात नागपूर होतं. मार्च २०२४ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम आले. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती लोकांसाठी तो आहे. मुस्लिम त्यात नाहीत, आणि त्यावरूनच देशभर वाद झाला.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामचा हल्ला झाला. केंद्रानं पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले. दीर्घ मुदतीचा व्हिसा असलेल्या हिंदूंना त्यातून वगळलं, पण तो खुलासा येईपर्यंत अशा अनेक घरांचा जीव टांगणीला लागला. माणूस तोच, गल्ली तीच. एका घटनेनं नजर बदलली.

झळ आपल्याच दारात

आता बांगलादेशी घुसखोरांचा विषय. बेकायदा येणाऱ्यांना शोधणं हे सरकारचं काम आहे, त्यात दुमत नाही. जन्माच्या उशिरा नोंदीची प्रमाणपत्रं अशा लोकांना मिळाल्याच्या तक्रारी झाल्या, तेव्हा जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारनं चौकशीसाठी विशेष पथक नेमलं आणि मार्चमध्ये नियम कडक केले.

पण उशिरा नोंद लागते कुणाला? घरी बाळंतपण झालेल्या बाईच्या लेकराला, शाळेचा दाखला नसलेल्या म्हाताऱ्याला, पालावर जन्मलेल्या भटक्याला. म्हणजे गावातल्याच गरिबाला. संशय परक्यावर घेतला, तरी पुरावा आणायला तहसीलच्या चकरा आपल्याच माणसाला माराव्या लागतात.

याहून भयंकर किंमत राईनपाड्यानं पाहिली. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं हे गाव. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्या भागात आधीच पसरले होते. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण दिसले, जमाव जमला, आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात त्यांना ठेचून मारलं. ते ना घुसखोर होते, ना चोर. पुढं गाव ओस पडलं, अटका झाल्या, आणि २०२४ मध्ये न्यायालयानं सात जणांना जन्मठेप दिली. मरणारे गरीब, तुरुंगात जाणारेही गरीब. मेसेज बनवणारा मात्र नामानिराळा राहिला. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेचे बळी ठरले.

उलटं उदाहरणही नागपूरजवळचंच आहे. त्याच २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पायी गावाकडं निघालेले मजूर नागपूरच्या पांजरी टोलनाक्यावर पोचले, तेव्हा स्वयंसेवकांनी त्यांना जेवण, पाणी, चपला दिल्या. तेही अनोळखीच होते. पण त्यांची भूक समोर दिसत होती, म्हणून कुणी कागद विचारला नाही.

मत ठरतं ते असं. समोरासमोर भेट झाली तर माणूस दिसतो. वाटणीचा प्रश्न आला तर स्पर्धक दिसतो. नुसता मोबाईल पाहिला तर शत्रू दिसतो. किती लोक आले, या आकड्याचा त्यात फारसा हात नसतो.

गावात अनोळखी माणूस दिसला आणि शंका आली, तर पोलीस पाटलाला सांगा किंवा ११२ वर फोन करा. कागद तपासायचा अधिकार पोलीस आणि प्रशासनाचा आहे, चौकातल्या गर्दीचा नाही. आणि तो मेसेज पुढं ढकलण्याआधी एवढं आठवा : मिरची तोडायला, ऊस तोडायला, कामाला आपल्या गावची माणसंही दरवर्षी परमुलखात जातात. तिथल्या ग्रुपवर ‘बाहेरचे’ म्हणजे तेच असतात.