नानकटाईची मेक्सिकन बहीण

मंडळी, नातीने कॅनडाहून 'मेक्सिकन वेडिंग कुकीज'ची कृती पाठवली आणि वर सूचना, "आजी, आता तरी ओव्हन घे!" कृती केली. ओव्हन घेतला नाही, घेणारही नाही. का, ते लिहिते.

मुळात हा पदार्थ आपल्याला परका नाहीच. दोन वाट्या मैदा, एक वाटी लोणी, अर्धी वाटी पिठीसाखर आणि वाटीभर बारीक केलेला सुकामेवा. अंडे नाही, पाणी नाही, सोडासुद्धा नाही. तिकडे पेकान घालतात, मी अक्रोड घातले. गोळे भाजून झाले की कोमट असताना पिठीसाखरेत घोळवायचे आणि पूर्ण गार झाल्यावर पुन्हा एकदा. (कढत असताना घोळवाल तर साखरेचा नुसता चिकटा होईल.) यांचे स्पॅनिश भावंड 'पोल्व्होरोन'. पोल्व्हो म्हणजे धूळ. तोंडात टाकला की भुगा, तेव्हा नाव चपखलच! आपली नानकटाईही याच कुळातली. पाण्याऐवजी तुपात मळल्यामुळे मैद्याला चिवटपणा येत नाही, म्हणून ती विरघळते.

पण नानकटाई ही आमच्या भिवंडीत घरी भाजायची वस्तूच नव्हती. दिवाळी किंवा मे महिन्याची सुट्टी आली की मैदा, तूप, साखर पिशवीत भरून बेकरी गाठायची. आधी पाव निघायचा, मग उतरत्या आचेवर आमचे पत्रे आत जायचे. कडक आचेवर नानकटाई वरून करपते आणि आत कच्ची राहते. त्यामुळे थांबणे आलेच. तासभर बाकावर बसून गप्पा... कुणाची सून बाळंत झाली, कुणाचा मुलगा दहावीला किती टक्क्यांनी सुटला, सगळे तिथेच कळायचे.

आमच्याकडचे बेकरीवाले बहुतेक मुसलमान. या गावाने १९७० च्या आणि पुन्हा १९८४ च्या मे महिन्यात दंगली पाहिल्या. त्यानंतर एकमेकांच्या गल्लीत विनाकारण जाणे कमी झाले. बायकांना पलीकडे जायला जी थोडी साधी कारणे उरली, त्यांत ही बेकरी होती. एकोप्यावर शाळेत मी भाषणे पुष्कळ केली, ऐकलीही. त्यापेक्षा त्या बाकावरच्या ताटकळण्याचे मोल मला जास्त वाटते. घरोघरी ओव्हन आले आणि ते कारण गेले.

कुणी म्हणेल, भट्टीच्या धुराचे काय? रास्त प्रश्न आहे. २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा तत्सम स्वच्छ इंधनावर यायला सांगितले. इथेही तसे व्हावे, माझी हरकत नाही. चव थोडी बदलेल, बदलू दे. मला भट्टीशी कर्तव्य आहे, धुराशी नाही.

तर कुकीजचे गोळे घेऊन मी बेकरीतच गेले. चाचांनी एक चिमूट तोंडात टाकली नि म्हणाले, "बाई, ये तो अपनी खटाई है, बस अखरोट डाला है." एवढी मोठी मेक्सिको एका वाक्यात आटोपली :)

पुढची खेप शनिवारी आहे. जवळपासच्यांनी आपापला डबा घेऊन यावे. पिठीसाखर मात्र घरी गेल्यावरच लावा, नाहीतर वाटेत सगळी पदराला लागते.