उंबरावरून खाली उतरा



आमच्या पेडण्यात पूर्वी सिनेमातला नट प्रत्यक्ष बघायचा तर पणजी नाहीतर मुंबई गाठावी लागे. २००४ पासून पणजीत दर वर्षी आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरू लागला, तेव्हा ते अंतर थोडे कमी झाले. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावरून विमाने सुरू झाली आणि मग नटच आमच्या तालुक्यात उतरू लागले. कोण कधी येणार ही बातमी आता भ्रमणध्वनीवर आधी पोचते, आणि फाटकाबाहेर उभी राहणारी गर्दी पुष्कळदा आमच्याच वाड्यांतली असते.

त्या गर्दीत आम्हीही होतो. आम्ही म्हणजे धर्मग्रामातले स्वयंसेवक: फेस्ताला माटव घालणारे, मिस्सेत वाचन करणारे, आजाऱ्यांच्या घरी जाणारे. आज लिहायचे आहे ते आमच्या एका चुकीबद्दल, आणि त्या चुकीतून आमचे जे मत झाले त्याबद्दल.

गेल्या डिसेंबरातला पहिला शुक्रवार. जुन्या गोव्यातले संत फ्रान्सिस झेवियरचे फेस्त होऊन दोनच दिवस झाले होते. पहिल्या शुक्रवारी आजारी माणसांकडे पवित्र कम्युनियन नेले जाते. त्यातल्या एका लांबच्या घरी सेवकाला गाडीतून घेऊन जायचे काम आमच्याकडे होते. त्याच दिवशी आमचा एक लाडका नट मोपाला उतरणार असे कळले. त्याचे नाव इथे लिहीत नाही, कारण चूक त्याची नव्हती. ‘दुपारी जाऊ, चारपर्यंत परत येऊ’ असा हिशेब आम्ही केला. नट बाहेर आला तो अंधार पडल्यावर. काळ्या काचांची गाडी, वर केलेला एक हात, जेमतेम दहा सेकंद. आम्ही ओरडलो, फोटो काढले. फोटोत आमच्यापुढच्या माणसांचीच डोकी आली.

त्या लांबच्या घरी एक म्हातारे गृहस्थ राहतात. आम्ही त्यांना शापाय म्हणतो, म्हणजे आजोबा. त्या दिवशी ते तीन वाजल्यापासून पांढरा सदरा घालून बसले होते. टेबलावर स्वच्छ कापड अंथरले होते, क्रूसाशेजारी मेणबत्ती ठेवली होती. सात वाजता त्यांच्या सुनेने कापडाची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सेवकाला घेऊन गेलो. कम्युनियन झाल्यावर खाली मान घालून खरे काय ते सांगितले. रागावतील असे वाटले होते. त्यांनी एवढेच विचारले, “दिसला का?”

“दिसला, शापाय. दहा सेकंद.”

“बरे झाले,” ते म्हणाले. “माझा नट मला कधीच दिसला नाही.”

आम्ही चकितच झालो. तीन वर्षे आम्ही त्या घरी जात होतो. त्यांची औषधे, डॉक्टरची तारीख, गुडघ्याचे दुखणे आम्हाला पाठ होते. पण त्यांना कोणी आवडता नट आहे हे ठाऊक नव्हते. त्यांनी सुनेकडून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा मागवला. त्यात वर्तमानपत्रांची कात्रणे आणि नाटकाची काही पिवळी पडलेली तिकिटे होती. सगळी दिलीप प्रभावळकरांची.

तरुणपणी शापाय मुंबईत नोकरीला होते आणि धोबीतलावच्या एका कुडीत राहत. गावाकडून मुंबईला गेलेल्या गोवेकरांची ती सामाईक बिऱ्हाडे. तिथे असताना सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी शेजाऱ्यांच्या दूरदर्शन संचावर चिमणराव पाहिला, आणि तेव्हापासून त्या नटाचा माग सोडला नाही. ‘हसवाफसवी’ नाटकात एकाच माणसाने सहा भूमिका केल्या, ते त्यांनी दोनदा पाहिले. ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू आणि ‘लगे रहो मुन्नाभाई’मधले गांधीजी हे एकाच माणसाने केले यावर त्यांचा अजून विश्वास बसत नाही. “रंगमंचावर बघितला, पण तो चिमणराव नाहीतर दुसरा कोणी. तो स्वतः रस्त्यात भेटला तर मी ओळखणारसुद्धा नाही,” ते हसून म्हणाले.

मग त्यांनी १९९१ सालच्या ‘चौकट राजा’ची गोष्ट सांगितली. त्या चित्रपटात प्रभावळकर नंदू झाले आहेत. वयाने वाढलेला, मनाने लहान राहिलेला नंदू. शापायचा धाकटा भाऊ तसाच होता. घरात फेस्ताचे पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत बसवत. मारहाण नव्हती, उपाशी ठेवणे नव्हते, फक्त दार लावून घेत. चित्रपट पाहून आल्यावर शापायला त्या दाराची लाज वाटू लागली. पुढच्या फेस्ताला त्यांनी भावाला नवा सदरा घातला आणि मिस्सेला पहिल्या बाकावर आपल्याजवळ बसवले. तो मध्येच मोठ्याने हसला, लोक वळून बघू लागले, शापायने त्याचा हात धरून ठेवला. भाऊ वारला तोपर्यंत ती जागा त्याची होती.

घरी परतताना गाडीत कोणी बोलले नाही. आम्ही नटाला दहा सेकंद पाहिले आणि एका आजाऱ्याला ताटकळत ठेवले. शापायने आपल्या नटाला कधी गाठले नाही, पण त्याच्या कामामुळे स्वतःच्या घरातले एक दार उघडले. दोघेही चाहतेच. मग फरक कुठे पडला?

लूकच्या शुभवर्तमानाचा एकोणिसावा अध्याय आम्ही त्या रात्री पुन्हा वाचला. यरीहो शहरातून येशू जात होता. जक्कय हा जकातदारांचा मुख्य, श्रीमंत पण ठेंगणा. गर्दीमुळे त्याला काही दिसेना, म्हणून तो पुढे धावत जाऊन उंबराच्या झाडावर चढला. विमानतळाच्या कठड्यावर चढलेल्या मुलांत आणि जक्कयात आम्हाला फारसा फरक दिसत नाही. त्यालाही फक्त बघायचे होते. येशूने त्याला त्याबद्दल हिणवले नाही. त्याने वर पाहिले, नावाने हाक मारली, खाली उतरायला सांगितले आणि त्याच्याच घरी मुक्काम केला. बघण्याच्या हौसेने सुरू झालेली गोष्ट एका घरात पोचली. पुढे जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली, आणि ज्यांना फसवले त्यांना चौपट परत करण्याचे वचन दिले.

म्हणून आमचे पहिले मत असे की तरुणांना सिनेमाच्या वेडाबद्दल प्रवचनातून झोडपू नये. ख्रिस्तसभेनेही सिनेमाकडे पाठ फिरवलेली नाही. १९९५ मध्ये, सिनेमाच्या शताब्दीनिमित्त, व्हॅटिकनने ४५ उल्लेखनीय चित्रपटांची यादी काढली. तिच्यात रिचर्ड अॅटनबरोंचा ‘गांधी’ही आहे. १९८६ मध्ये गोव्याला आलेले पोप दुसरे जॉन पॉल तरुणपणी स्वतः नट होते. नाझी राजवटीत क्राकूवमध्ये ते लपूनछपून नाटके करीत. १९९९ च्या ईस्टरला त्यांनी जगातल्या कलावंतांना खास पत्र लिहिले. झाडावर चढणे हे पाप नाही.

दुसरे मत: झाडावरच मुक्काम करू नये. प्रेषितांच्या कृत्यांच्या चौदाव्या अध्यायात लुस्त्र गावची गोष्ट आहे. पौलाने एका पांगळ्याला बरे केले, तेव्हा लोक त्याला आणि बर्णबाला देव समजून बैल आणि हार घेऊन आले. त्या दोघांनी आपली वस्त्रे फाडली, गर्दीत उडी घेतली आणि आपणही तुमच्यासारखीच माणसे आहोत असे परोपरीने सांगितले. आज नटाच्या मोठ्या फलकावर दूध ओतले जाते, त्याच्यावरून मित्रमित्र भांडतात, तेव्हा त्या नटावरही अन्यायच होतो. त्याला माणूस म्हणून राहू दिले जात नाही.

तिसरे मत आमच्या स्वतःच्या कामाबद्दल आहे. चाहत्याकडे एक गुण असतो आणि तो आमच्यात कमी पडला: लक्ष देणे. नटाचा वाढदिवस, पहिला चित्रपट, आवडता पदार्थ सगळे आम्हाला तोंडपाठ. ज्यांच्या घरी महिन्याला जातो त्यांच्याबद्दल फक्त रोगाचे नाव. आता आमच्या भेटींच्या वहीत एक नवा रकाना आहे: ‘यांना काय आवडते?’ एका बाईंना लतादीदींची गाणी, एकांना फुटबॉल, एकांना नुसते कोणी वर्तमानपत्र वाचून दाखवलेले. आणि एक नेम आम्ही घालून घेतला आहे. कुठल्याही नटाला बघायला जायला हरकत नाही, पण त्या आठवड्यात एक जास्तीचे घर करायचे, आणि ठरलेली भेट कोणासाठीही चुकवायची नाही.

शापायचे राहिलेले कर्ज आम्ही जानेवारीत फेडले. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेला ‘दशावतार’ त्यांना चित्रपटगृहात जाऊन बघता आला नव्हता. एक्याऐंशीव्या वर्षी प्रभावळकरांनी त्यात बाबुली मेस्त्री या दशावतारी कलावंताची भूमिका केली आहे. आमच्या पेडण्यात आणि पलीकडे सिंधुदुर्गात दशावतार म्हणजे जत्रेची रात्र. कथा पुराणातली असते, पण मागच्या रांगेत बसून आम्ही ख्रिस्ती मुलांनीही ती पाहिलेली आहे. घरी बघायची सोय झाली तेव्हा आम्ही चौघे शापायच्या खोलीत बसलो. चित्रपटातल्या बाबुलीची नजर अधू होत चाललेली असते. शापायचीही झाली आहे. ते मध्ये मध्ये विचारत, “आता तोंडाला कुठला रंग लावलाय?” आणि आम्ही सांगत गेलो. संपल्यावर ते म्हणाले, “चला, आज माझा नट घरी आला.”

नट काही आला नव्हता. आम्ही गेलो होतो, आणि महिनाभर आधीच जायला हवे होते.

हे प्रभू येशू, तुला बघायला चढलेल्या माणसाला तू नावाने हाक मारलीस. आम्ही ज्या ज्या झाडांवर चढून बसलो आहोत तिथून आम्हालाही खाली बोलाव. पांढरा सदरा घालून जो कोणी आज आमची वाट बघत बसला आहे, त्याच्या दारी आम्हाला वेळेवर पोचव. कलावंतांना निरोगी ठेव, त्यांच्या कामातून बंद दारे उघडू दे. आमेन.