उवा एकटीच्या नसतात



मी आज उवांवर लिहिणार आहे. हसू नका. लाज वाटते म्हणून यावर कोणी लिहीत नाही.

पावसाळ्यात आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या वेणीवर ऊ दिसली. सगळ्या मुली बसकर उचलून लांब सरकल्या. मी पण सरकले. काही जणांनी चिडवले. ती चार दिवस शाळेत आलीच नाही. तिची माय तिचे सगळे केस काढणार होती.

त्याच रविवारी आजीने मला ओट्यावर बसवून फणी फिरवली. पांढऱ्या फडक्यावर अकरा उवा पडल्या! मग आजीने घरातली सगळी डोकी पाहिली. दादाच्या बारीक केसांतही दोन निघाल्या. मला फार वाईट वाटले. मी कुणापासून लांब सरकले होते?

लोक म्हणतात, न्हात नाही त्याला उवा होतात. हे खरे नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तेव्हा न्हायला पाणी कुठून मिळणार? मग त्या सगळ्यांना घाण म्हणायचे काय? ऊ स्वच्छ केसांतही राहते. तिला उडता येत नाही, उडी मारता येत नाही. डोक्याला डोके लागले की ती चालत जाते. आपण डोके जोडून खेळतो, एका अंथरुणात झोपतो, म्हणून ती लेकरांत जास्त.

ऊ तिळाएवढी असते. कानामागे आणि मानेवर लिखा पाहाव्यात. कोंडा झटकला की पडतो, लीख केसाला चिकटून राहते. एक ऊ रोज सहा-आठ लिखा घालते. त्या आठ-नऊ दिवसांत फुटतात. म्हणून एकदा फणी फिरवून भागत नाही. केस ओले करून, तेल लावून, दर तीन-चार दिवसांनी दोन आठवडे विंचरावे. तरी गेल्या नाहीत तर परमेथ्रिन नावाचे औषध असते. ते आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना विचारून लावावे आणि नऊ-दहा दिवसांनी पुन्हा लावावे.

पण रॉकेल लावू नका. ते पेट घेते. सीताफळाच्या बियांची पूडही लावू नका. आपल्याकडे ती पुष्कळ जण लावतात, पण डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते. आणि फणीने काम होत असताना पोरीला रडवून टक्कल कशाला?

माझे मत असे आहे की, एकाच मुलीचे डोके पाहू नये. गावातल्या सगळ्या घरांनी एकाच रविवारी सगळ्यांची डोकी पाहावीत, मुलांचीही आणि आयांचीही. एक घर राहिले तर उवा परत येतात. आणि कुणाला निघाल्या तर ते वर्गात ओरडून सांगू नये.

ती मुलगी आता शाळेत येते. तिचे केस तसेच लांब आहेत. मी तिला सॉरी म्हणाले, आणि माझ्या अकरा उवांचेही सांगितले. ती हसली. आता आम्ही एकाच बसकरावर बसतो.

पालकांनो, माझे म्हणणे पटले तर आज घरी गेल्यावर फणी काढा.

— इयत्ता ४ थी