टपरीचा परवाना पालिकेच्या हाती हवा

सुटी सिगारेट-बिडी विकायला राज्यात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. तरीही कोणत्याही महाविद्यालयाबाहेरच्या टपरीवर पाहावे. पाकीट फोडलेले, लायटर दोरीला टांगलेला, शेजारी चॉकलेटची बरणी. अख्खे पाकीट ज्या पोराला परवडत नाही, त्याला एक सिगारेट परवडते. पाकिटावरचे इशाऱ्याचे चित्र आणि व्यसन सोडण्यासाठीचा हेल्पलाइन क्रमांक त्याच्या नजरेलाही पडत नाही.

शहराने मनावर घेतले तर काय होते, हे न्यूयॉर्कने दाखवले. महापौर ब्लूमबर्ग आणि आरोग्य आयुक्त डॉ. थॉमस फ्रीडन यांनी २००२ मध्ये पाकिटामागचा शहर कर आठ सेंटवरून दीड डॉलरवर नेला. मार्च २००३ पासून बार-रेस्टॉरंटमध्येही धूम्रपानाला मनाई झाली. धंदा बुडेल अशी ओरड झाली, धंदा बुडाला नाही. सोडू पाहणाऱ्यांना निकोटिनचे पॅच फुकट वाटले. प्रौढांमधले धूम्रपान २००२ मध्ये २१.५ टक्के होते, २०१० मध्ये ते १४ टक्क्यांवर आले.

आपल्या महापालिकांना सिगारेटवर असा कर लावता येत नाही. पण टपरी त्यांच्याच रस्त्यावर उभी असते. तंबाखू विक्रेत्यांना स्थानिक संस्थांमार्फत परवाना द्यावा आणि त्या दुकानात चॉकलेट, चिप्स, बिस्किटे ठेवू देऊ नयेत, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते. त्याचा खरा उपयोग महाराष्ट्राला आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के तंबाखू खाणारे किंवा मिसरी लावणारे आढळले. सिगारेट आणि तंबाखूची पुडी एकाच टपरीवर मिळते, त्यामुळे एका परवान्याने दोन्हींना आळा बसेल.

टपरीवाल्याच्या पोटाचा प्रश्न खोटा नाही. चहा, फळे, खाऊ विकायला वळणाऱ्याला पालिकेने जागा कायम ठेवून द्यावी, मुदतही द्यावी. दवाखान्यांत व्यसनमुक्तीचे समुपदेशन त्याच वेळी सुरू व्हावे. नुसती बंदी व्यसनी माणसाला एकटे पाडते.

सुरुवात शाळा-महाविद्यालयांभोवतीच्या शंभर यार्डांपासून करावी, तिथे तर तंबाखूविक्रीला कायद्यानेच मनाई आहे. पहिल्यांदा नोटीस, पुन्हा सापडल्यास परवाना रद्द, आणि किती रद्द केले याचा प्रभागवार आकडा दर वर्षी जाहीर. आयुक्तांनी हे नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी करावे.