एकच तर पातं तुटलंय!

थिअरी ऑफ मशिन्सच्या पेपरात 'बॅलन्सिंग'चा प्रश्न हमखास येतो. पोरं तो घोकून जातात, व्हायवा झाला की जर्नल रद्दीत! पण हाच प्रश्न नाशिककडच्या द्राक्षबागेत एखाद्या छोट्या ट्रॅक्टरच्या बॉनेटखाली येतो, तेव्हा तिथे स्टेप मार्क्स मिळत नाहीत.

फळछाटणीनंतर बागेच्या ओळींतून हा १५-२० एचपीचा ट्रॅक्टर ब्लोअर ओढत तासन् तास फवारणी करतो. अशात कुलिंग फॅनचं पातं तुटलं आणि वरून पाऊस लागला, तर डावणी रोग काही सुट्टी घेत नाही. मग माणूस म्हणतो, "एकच तर पातं गेलंय, चालवू तसंच."

आता गणित करा. तुटलेला तुकडा २० ग्रॅमचा, मध्यापासून १२ सेंटिमीटरवर आणि फॅनचा वेग मिनिटाला २५०० फेरे. असंतुलित बल येतं साधारण १६५ न्यूटन. म्हणजे जवळजवळ १७ किलोचा हिसका, प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलणारा! बऱ्याच इंजिनांत फॅन वॉटर पंपाच्याच शाफ्टवर असतो. आधी बेअरिंग जातं, मग सील, मग पाणी. शेवटी इंजिन तापून हेड गॅस्केट.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : पातं चिकटवू नये, वेल्डिंगही करू नये. जोड सुटला तर तुकडा थेट रेडिएटरमध्ये घुसतो. पात्यांची संख्या सम असेल तर समोरचं पातं तेवढंच कापून तोल साधता येतो. पण हवा कमी होते, तेव्हा हा इलाज फक्त घरापर्यंत पोचण्यापुरता. खरी दुरुस्ती म्हणजे पूर्ण फॅन बदलणं. आणि त्याआधी पातं तुटलं का, ते शोधणं! पंपाच्या शाफ्टला प्ले आहे का? इंजिन माउंटिंग ढिलं होऊन फॅन श्राउडला घासतोय का? कारण तसंच राहिलं तर नवा फॅनही तुटणार.

पण पार्ट आणि माहिती वेळेवर मिळाली नाही, तर शेतकऱ्याने जुगाड करू नये असं सांगायचा आपल्याला काय अधिकार? २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, तेव्हा निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारं होती, ती उगाच नाही.

आणि हा विचार येरवड्याला नवा नाही. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस लावलं. अटी अशा, की यंत्र वीस वर्षं चालावं आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या ५ टक्क्यांत व्हावी. पुढच्याच वर्षी गांधीजी इथल्या तुरुंगात सुटसुटीत चरख्यावर खटपट करत होते. तो आजही 'येरवडा चरखा' म्हणून ओळखला जातो. दुरुस्तीचा खर्च डिझाइनच्या आधी ठरवायचा, ही अट आपल्या किती प्रोजेक्ट्समध्ये असते?

सरांना एक विनंती. वर्कशॉपमध्ये एक टेबल मोडक्या पार्ट्ससाठी ठेवा. सुट्टीहून येताना प्रत्येकाने गावच्या गॅरेजमधून एक तुटका पार्ट आणावा, तो मोजावा, त्याचं ड्रॉइंग काढावं, तुटण्याचं कारण लिहावं आणि तो कागद त्या गॅरेजवाल्याला नेऊन द्यावा. मार्क द्या अथवा नका देऊ. निदान बॅलन्सिंगचा धडा पेपरानंतर रद्दीत तरी जाणार नाही!