नकार कोणाचा?

दिवाळीनंतरच्या एका रविवारी शहाद्याचे एक व्यापारी कुटुंब तोरणमाळला गेले होते. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपून सर्वजण यशवंत तलावाच्या काठी बसले. पण नातवाचे मन कशातच नव्हते. पेढीवरील जुन्या मुनिमांच्या मुलीला त्याने मागणी घातली होती. घरातून विरोध झाला नाही; नकार तिनेच दिला होता.

आजोबांनी एका जुन्या चित्रपटाचा विषय काढला. प्रभात कंपनीचा, व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘माणूस’ १९३९ साली पडद्यावर आला. गणपत हा पोलीस शिपाई आणि मैना ही बदनाम वस्तीतील स्त्री. शाहू मोडक व शांता हुबळीकर यांनी या भूमिका केल्या. गणपत मैनेला आपल्या आईकडे नेतो. आई तिला जवळ करते. परंतु आपण या घराला शोभणार नाही, या विचाराने मैनाच दूर होते. पुढे छळ करणाऱ्या नातेवाइकाचा तिच्या हातून खून होतो. गणपत तिला सोडवू पाहतो, तेव्हा ती सुटका नाकारून तुरुंगवास पत्करते. गणपत मात्र देवदासाप्रमाणे प्राण गमावत नाही; तो कर्तव्याकडे परततो.

“म्हणजे मीही कामाला लागावे, असेच ना आजोबा?” नातवाने विचारले.

“गणपतपुरते ते खरे. पण आपण अनेकांत मानतो, तेव्हा मैनेच्या बाजूनेही पाहायला हवे. तिला कोणी हाकलले नव्हते. जगाने दिलेला निवाडा तिने स्वतःच मान्य केला होता. मुनिमांच्या लेकीत तर काडीचेही उणे नाही. तरी वडील आपल्या गादीसमोर उभे असलेले तिने लहानपणापासून पाहिले आहेत. तिचा नकार तिचा, की आपल्या पेढीने शिकवलेला?”

क्षणभर कोणी बोलले नाही.

“मग आता काय करायचे, बापूजी?” सुनेने हळूच विचारले.

“चोपडापूजनाला आपण मुनिमांना दरवर्षी मिठाई दिली, पाटावर शेजारी कधी बसवले नाही. उद्या मी त्यांच्या घरी जाईन. मागणी घालायला नव्हे, क्षमा मागायला. त्यानंतरही मुलगी नाही म्हणाली, तर तो नकार तिचा स्वतःचा समजू आणि त्याचा मान राखू.”

सोमवारी पेढी उशिरा उघडली. वृद्ध मालक मुनिमांच्या घरी प्रथमच चहाला बसले होते. मुलीचे उत्तर अद्याप यायचे आहे.