बाजाराची धास्ती

व्यापाऱ्याची पत ही त्याच्या भांडवलाहून मोठी, असे आपण मानतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ही पत सांभाळण्यासाठी आपल्या समाजातील कित्येक कर्ते पुरुष, आणि त्यांहून अधिक संख्येने स्त्रिया, एक व्याधी वर्षानुवर्षे झाकून ठेवतात. वैद्यकशास्त्र तिला ‘पॅनिक अटॅक’ म्हणते. आपल्याकडे कोणी ‘जीव घाबरा होतो’ म्हणतो, कोणी पित्तावर ढकलतो, कोणी नजर लागली म्हणून मीठमोहऱ्या उतरवतो. स्मरणिकेत बाजारभाव, करविषयक माहिती आणि सत्कारांची वृत्ते पुष्कळ येतात. त्यांच्या शेजारी या विषयासही दोन पाने मिळावीत, असे आम्हांस वाटते.

मनुष्य गादीवर बसून वही पाहत असतो, क्वचित गाढ झोपेतही असतो. एकाएकी छाती धडधडू लागते, श्वास पुरेनासा होतो, घाम सुटतो, हातपाय कापतात, बोटांस मुंग्या येतात, घशाशी काही अडकल्यासारखे वाटते, भोवतालची नित्याची माणसे परकी भासतात. आणि ‘आता आपण मरणार’ किंवा ‘आपणांस वेड लागणार’ अशी जणू खात्रीच पटते. ही भीती बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेस पोचते व मग ओसरू लागते. मागे राहतो तो थकवा आणि पुढच्या झटक्याची चिंता.

हे घडते कसे, ते समजले तर निम्मी भीती उतरते. संकट दिसताच लढण्यास किंवा पळण्यास शरीर सिद्ध व्हावे, अशी निसर्गाची योजना आहे. रक्तात ॲड्रेनालिन मिसळते, हृदय वेगाने चालते, श्वास जलद होतो. साप पाहिल्यावर हे सारे उपयोगी पडते. झटक्यात मात्र साप नसतो; दुकानात आग नसता घंटा वाजावी, तसे होते. जलद श्वासामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे चक्कर येते व मुंग्या येतात. त्या मुंग्यांनाच रोगी लकव्याची किंवा हृदयविकाराची सुरुवात समजतो, अधिक घाबरतो, आणि घंटा आणखी जोराने वाजू लागते.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. छातीत प्रथमच दुखले, श्वास अडला, तर ‘हा मनाचा खेळ आहे’ असे घरच्या घरी ठरवू नये. चाळिशी उलटलेल्या, मधुमेह वा रक्तदाब असलेल्या माणसाने तर मुळीच नाही. सरळ रुग्णालयात जावे, हृदयाचा आलेख काढावा, थायरॉइड, रक्तातील साखर व पंडुरोग यांची तपासणी करून घ्यावी. या विकारांतही अशीच लक्षणे दिसू शकतात. आमची तक्रार आहे ती यापुढच्या टप्प्याची. सर्व तपासण्या निर्दोष आल्या की ‘तुम्हांला काही झालेले नाही’ असे सांगून रोग्यास घरी धाडतात, आणि घरचे लोक ‘उगाच पैसे घालवले’ म्हणतात. बिचारा पुन्हा घाबरतो, दुसऱ्या शहरातील दुसरा हृदयतज्ज्ञ गाठतो, पुन्हा तीच तपासणी. काही झालेले नाही हे असत्य आहे. झाले आहे ते निराळे, आणि त्यास औषध आहे.

उपचार न झाल्यास खरी हानी झटक्याने होत नाही, टाळाटाळीने होते. ज्या चौकात झटका आला तो चौक सुटतो; मग लिलावास जाणे सुटते, मग रेल्वेचा प्रवास, मग लग्नसमारंभ. बर्लिनच्या वेस्टफाल या वैद्याने 1871 साली अशा रोग्यांचे वर्णन केले. मोकळे चौक व रस्ते एकट्याने ओलांडताना त्यांना विलक्षण भय वाटे, आणि कोणी सोबत असले की ते कमी होई. त्याने या विकारास ‘अगोराफोबिया’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘अगोरा’ म्हणजे बाजारचौक. बाजाराच्या भीतीवरून नाव पडलेला रोग बाजारात जगणाऱ्या समाजाने ओळखू नये, हे थोडे विचित्रच नव्हे काय? त्याच वर्षी अमेरिकेत डा कोस्टा यांनी यादवी युद्धातील सैनिकांच्या धडधडणाऱ्या हृदयांविषयी लिहिले. तेव्हा ‘ही हल्लीच्या नाजूक पिढीची थेरे’ असे म्हणणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्या मंडळींनी हे सन थोडे ध्यानात घ्यावेत. रणांगणावर गेलेली माणसे काही नाजूक नव्हती.

झटका आला असता काय करावे? शक्य असल्यास जागा सोडून पळू नये. श्वास सावकाश घ्यावा आणि घेण्यास लागला त्याहून अधिक वेळ लावून सोडावा. पाय जमिनीवर टेकले आहेत, समोर तराजू आहे, भिंतीवर घड्याळ आहे, असे दिसणाऱ्या वस्तूंकडे लक्ष न्यावे. ‘हे मागेही आले होते आणि गेले होते’ एवढे मनाशी म्हणावे. तोंडाशी कागदी पिशवी धरण्याचा जुना उपाय करू नये. हृदयाचा किंवा दम्याचा विकार असल्यास तो घातक ठरू शकतो. शेजारच्या माणसाने ‘घाबरू नका’ असा धोशा लावण्यापेक्षा जवळ बसून स्वतः शांतपणे श्वास घ्यावा. चहा-कॉफीचे प्रमाण कमी करावे. (मार्चअखेरीस आपल्या पेढ्यांवर किती चहा होतो, हे आम्ही सांगावयास नको.)

कायमच्या गुणासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडेच जावे. विचार व वर्तन यांना वळण लावणारी एक उपचारपद्धती आहे. तीत रोग्यास टाळलेल्या ठिकाणी पायरीपायरीने पुन्हा नेतात, आणि धडधड झाली तरी मनुष्य मरत नाही, हे त्याला अनुभवाने पटते. औषधेही आहेत, त्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. झोपेच्या व मन शांत करणाऱ्या काही गोळ्यांची मात्र सवय जडते, त्या दुकानातून परस्पर आणून घेऊ नयेत. पर्युषणात उपवास करणाऱ्यांनी औषधाच्या वेळांविषयी वैद्यास आधीच विचारावे. चालू औषध आपल्या मनाने एकाएकी बंद करणे हानिकारक आहे.

आता लपवण्याविषयी. ‘बाजारात कळले तर उधारी बंद होईल, मुलीचे लग्न जमणार नाही’ ही भीती अगदीच निराधार आहे, असे आम्ही म्हणत नाही. तोंडे बोलतात. परंतु 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रोग्याची माहिती गुप्त राखण्याचे बंधन घातले आहे, आणि शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारासही विम्याची सोय असावी, असे विमा कंपन्यांस सांगितले आहे. उलट, मालक तीन-तीन महिने पेठेत दिसला नाही म्हणजे बाजार काय काय तर्क करतो, ते आपण जाणतोच. मधुमेहाची गोळी आपण पंगतीत सर्वांदेखत घेतो. ती घेतल्याने कोणाची हुंडी परत गेल्याचे ऐकिवात नाही.

बेळगावकरांस धारवाडची मानसिक आरोग्य संस्था दूर नाही. गोव्यात बांबोळी येथे व ग्वाल्हेरीतही अशी सरकारी रुग्णालये आहेत. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनीसेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. 14416 या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, नाव सांगण्याची सक्ती नाही. आपल्या संस्थेने यंदाच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब व नेत्रतपासणीच्या टेबलांशेजारी एक मानसोपचारतज्ज्ञही बसवावा, आणि त्याची खोली स्वागतकक्षासमोर नसून मागील बाजूस असावी, अशी आमची कार्यकारिणीस सूचना आहे. पहिल्या वर्षी चारच माणसे आली तरी चालेल.